हातभर अंतरावरचा नऊ

प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची लेबलं आम्लाच्या वाफांनी पिवळी पडली होती. नवी करून घ्यायचं काम मी आपणहून मागितलं. छपाईच्या दुकानात अक्षरांच्या एका टाइपवर माझी नजर अडकली. त्याचे उभे दंड जाड होते, बाकीच्या रेषा केसाइतक्या बारीक. प्रत्येक दंडाच्या तळाशी इवलं पाऊल, आणि शेपट्या अशा वळवलेल्या की आकडेसुद्धा नटून बसल्यासारखे दिसत.

"मथळ्याला ठीक आहे," दुकानातले अक्षरजुळणी करणारे गृहस्थ म्हणाले. "मोठा करा, दोन शब्द लिहा आणि थांबा. बाटलीवर नको."

"का?"

"लग्नातले कपडे घालून कुणी भांडी घासतं का, मॅडम?"

मी हसले आणि अडीचशे लेबलं छापून घेतली.

तीन आठवड्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा होती. विद्यार्थ्यांना एक टक्क्याचं आम्ल द्यायचं होतं. वीस मिलिलिटर आम्ल पडल्यावर जायला हवा तो द्रावणाचा गुलाबी रंग सव्वादोनलाच जाऊ लागला. चाळीसही जणांचा तोच आकडा. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघत होते. टेबलावरची बाटली नऊ टक्क्यांची होती. ती काढून दिली होती मावशींनी, एकोणीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मदतनीस बाईंनी.

"मावशी, एक आणि नऊ कळत नाही का तुम्हाला?"

"मी एकच वाचला, मॅडम."

"मग चष्मा बदला."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. विभागप्रमुखांनी परीक्षा रद्द केली, मावशींकडून कपाटाच्या किल्ल्या घेतल्या आणि त्यांना बाहेर खिडक्या पुसायला लावलं.

दुपारी ती बाटली मी जागेवर ठेवली. मागे सरून लेबल वाचलं तर एक. जवळ गेले तर नऊ. नऊच्या पोटाची रेषा इतकी बारीक होती की हातभर अंतरावरून ती दिसतच नव्हती. योगायोग असेल म्हणून एकचं आणि नऊचं अशी दोन्ही लेबलं उलटसुलट मांडून वीस वेळा वाचली. सात वेळा चुकले. माझ्या डोळ्यांत काही दोष नाही. कान मात्र तापले होते.

मावशी जिन्याजवळच्या खिडकीशी होत्या.

"मावशी, चूक माझी होती. मी निवडलेली अक्षरंच वाईट."

त्यांनी फडकं पिळलं. "ते मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

प्रमुखांना सांगितलं. "बरं झालं सांगितलंत. किल्ल्या देऊन टाका त्यांना, लेबलं बदला. उगाच गाजावाजा नको," ते म्हणाले. मला केवढं हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

सोमवारी फेरपरीक्षा होती. साधी, ठसठशीत लेबलं लागली होती. मावशी टेबलांवर बाटल्या मांडत होत्या. समोर तेच चाळीस जण. मी घरून वाक्य ठरवून आले होते.

"मागच्या वेळी लेबलांमध्ये दोष राहून गेला होता."

राहून गेला होता. जणू तो आपोआप राहिला.

"म्हणजे मावशी चुकल्या नव्हत्या?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नाही."

"मग कोण चुकलं?"

मावशींचा हात बाटलीवर थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी," मी म्हणाले.

"मॅडम, मागे ऐकू आलं नाही," मागच्या बाकावरून आवाज आला. त्यात चेष्टा नव्हती. खरंच ऐकू गेलं नसावं.

मी घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं.