चौथी वाटी

आता भिंगरीला काही नवशिकी म्हणायची सोय नाही. आत्याच्या गॅरेजात चार वर्षं गाड्यांखाली लोळून तिनं कोपरं काळी केली होती. पण त्या दुपारी कट्ट्यावरचं ग्रीस पुसताना फडक्यात काहीतरी टोचलं, अन् बघते तर काय, सुई! शिवणाची नव्हे. बोटाच्या पेराएवढी, बिनटोकाची, पोलादी. बाईसाहेबांनी फडकं तिथंच टाकलं!

कारण तासाभरापूर्वीच तिनं शाळेच्या व्हॅनचा क्रॉस बदलला होता. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे लांब शाफ्ट जातो ना, त्याच्या टोकाचा सांधा. क्रॉसला चार टोकं, प्रत्येक टोकावर एक वाटी, आणि वाटीच्या आत कडेकडेनं बावीस सुया उभ्या, नुसत्या ग्रीसच्या भरवशावर. आत्याचा दंडकच होता, वाटी बसवायच्या आधी सुया मोजायच्या. भिंगरीनं तीन वाट्या मोजल्या. चौथीला व्हॅनवाले काका डोक्यावर येऊन उभे. "अगं आटप की! शाळा सुटेल. पोरांना काय खांद्यावर बसवून नेऊ?" झालं, चौथी वाटी तिनं बघितल्यासारखी केली अन् दिली ठोकून.

जुन्या क्रॉसमधली असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण जुन्या सुया गंजून लाल झालेल्या, आणि ही लखलखीत.

"आत्या," ती म्हणाली. "एक सुई बाहेर राहिलीये. बहुतेक."

आत्यानं बॉनेटखालून डोकं काढलं. "कुठल्या गाडीची?"

"व्हॅनची."

आत्याचा चेहरा पांढराफटक. "फोन लाव त्याला."

"लावला. उचलत नाहीत."

कसे उचलतील? पोरं गाडीत असली की काका फोन डब्याच्या पिशवीत कोंबतात. एरवी सगळे या गोष्टीचं कौतुक करायचे!

"स्कूटर घे. पाण्याच्या टाकीच्या उताराआधी गाठ त्याला. मी हत्यारं घेऊन आलेच. आणि रडू नको, तुझं थोबाड मी निवांत फोडीन."

भिंगरी सुटली. डोळ्यांपुढे एकच, तो उतार. एक सुई कमी म्हणजे बाकीच्या तिरक्या होणार, वाटी फुटणार, शाफ्ट सुटणार, अन् भर उतारावर गाडी उधळणार. आज? की महिन्याभरानं? ते कोण सांगणार! पुढे कुठेतरी पत्रा आपटल्याचा आवाज आला आणि तिनं स्कूटर आणखी पिळली. दुकानाचं शटर होतं ते.

टाकीच्या अलीकडे, सपाटीवर, व्हॅन दिसली. भिंगरीनं स्कूटर सरळ पुढे घातली. काकांनी करकचून ब्रेक मारला.

"मरायचंय का गं तुला?"

"काका, गाडी बंद करा. क्रॉसमध्ये एक सुई कमी असेल."

"असेल म्हणजे? आहे की नाही?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" काकांनी कपाळावर हात मारला. मागे बारा डोकी खिडकीला चिकटली. "ए, ही ताई रडतेय," एक पोरगी म्हणाली. "घामय तो, गप्प," दुसरी.

पण काकांनी किल्ली काढली, हे मात्र मानलं पाहिजे. पिशवीतून फोन काढून एकेका घरी कळवलं. आईबाप येऊ लागले. कोणी कामावरून, कोणी अर्ध्या जेवणातून. एक बाई तर फणकारल्याच, "एका सुईपायी? गाडी आहे का शिवणयंत्र?" भिंगरी मान खाली घालून पोरांची दप्तरं उतरवत राहिली.

शेवटचं पोर गेलं तोवर आत्या येऊन ठेपली. शाफ्ट काढला की गिअरचा अटकाव राहत नाही, म्हणून आधी चाकांना दगड लावले. मग दोघींनी शाफ्ट उतरवला. चौथी वाटी कुठली, ते आता भिंगरीला आठवेना. चारही उघडायच्या.

पहिली. ग्रीस पुसून मोजली. बावीस.

दुसरी. बावीस.

काका शेजारी उकिडवे बसले होते. भिंगरीला वाटायला लागलं, चारही भरलेल्या निघाल्या तर? बारा घरं हलवली. उद्या कोण गाडी आणेल आत्याकडे? आत्यानं तिसरी वाटी ठोकून बाहेर काढली. बावीस. आणि भिंगरी मनातल्या मनात चक्क म्हणायला लागली, कमी असू दे रे, एक कमी असू दे.

चौथी वाटी आत्यानं तिच्याच हातात दिली. भिंगरीनं अंगठ्यानं ग्रीस बाजूला सारलं. सुयांच्या रांगेत एक फट होती. आणि फटीशेजारच्या दोन सुया कलंडायला लागल्या होत्या.

"आहे! कमी आहे!" ती ओरडली, आणि हसली. खरंच हसली, परीक्षेत पास झाल्यासारखी.

काकांनी वाटी घेतली. त्या दोन सुयांकडे बघितलं, पुढच्या उताराकडे बघितलं, आणि मागे वळून रिकाम्या बाकांकडे.

भिंगरीचं हसू तिथंच गोठलं. तीही त्या बाकांकडे बघत राहिली. पाना आत्यानंच उचलला.