तिसरं पाणी

चादर दोन पाण्यांतून निघाली होती आणि पांढरीशुभ्र दिसत होती. तरी बाबांनी ती तिसऱ्या हौदात टाकली.

"झाली की स्वच्छ," त्यांची थोरली लेक म्हणाली. बाबांसाठी हृदयाच्या डॉक्टरांची दहाची वेळ मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते, आणि पावणेदहा वाजून गेले होते.

"साबण दिसत नाही म्हणजे गेला असं नाही. एवढी पिळतो अन् निघू."

तिचा पारा चढला. "आग लागो तुमच्या या लाँड्रीला."

"लागू दे," बाबा हसले. "पण गिऱ्हाइकांचे कपडे आधी बाहेर काढ."

वेळ टळली. डॉक्टरांनी उद्या बोलावलं. दुपारी बाबा त्याच हौदाशी जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. शिव्याशापांनी माणूस मरत नाही, हे ती दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून द्यायची. आता स्वतःला तेच पटवता पटवता महिना झाला होता. आपलं ते 'आग लागो' तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणि आज लाँड्रीसमोर ही गर्दी. मधोमध लहरीमहाराज. जागेतल्या वाईट लहरी पकडतात म्हणून हे नाव. पांढरा झगा, हातात पितळी झारी, झारीत पिवळं 'सिद्धजल'. त्यांना बोलावलं होतं शेजारच्या पाववाल्या काकांनी. बाबा गेल्यापासून काकांचे पाव फुगत नव्हते.

"लहर सूक्ष्म असते," महाराज म्हणाले. "ती सूक्ष्मालाच कळते."

त्यांनी काकांच्या पायरीवर पाणी शिंपडलं. पिवळं पडलं, पिवळंच राहिलं. मग लाँड्रीच्या उंबऱ्यावर शिंपडलं. बघता बघता ते रक्तासारखं लाल झालं. गर्दी दोन पावलं मागे सरली.

"या जागेने माणूस खाल्लाय. आता चटक लागली. पाडा, जाळा, राखही ठेवू नका."

"तीस वर्षं मी इथे उभी राहून इस्त्री करतेय," आतून इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. "मला कसं नाही खाल्लं? चवीला वाईट आहे का मी?"

पण गर्दीला आता चेव चढला होता. "जळू दे एकदाची," कुणी म्हणालं. "आग लागो तिला," दुसऱ्याने री ओढली.

हे तर थोरलीचंच वाक्य. आणि क्षणभर तिला हलकंही वाटलं. जागा दोषी ठरली, तर आपण सुटलो. गप्प राहिलं की झालं.

"पेटवणाऱ्यांनी मला आधी हाक मारा हं," मावशी म्हणाल्या. "मी आत आहे."

लोक हसले. थोरली हसली नाही. तिने वाकून त्या लाल डागाकडे पाहिलं. हा लाल रंग ती लहानपणापासून ओळखत होती. हळदीच्या पिवळ्या डागाला साबण लागला की हाच रंग उठायचा.

"महाराज, झारी देता?"

"अपात्र हाताने..."

तोवर मावशींनी बाहेर येऊन झारी घेतलीही होती. थोरलीने ओंजळभर पाणी महाराजांच्या झग्यावर उडवलं. छातीवर लालभडक ठिपके उमटले.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, "महाराजांनीही कुणाला खाल्लं वाटतं."

"दोन पाण्यांत उरकलाय हा झगा," थोरली म्हणाली. "साबण राहिलाय. हे हळदीचं पाणी आहे. हळदीला साबण नाहीतर धुण्याचा सोडा भेटला की ती लाल होते. या उंबऱ्यावरून तीस वर्षं सोड्याचं पाणी वाहतंय."

मग तिने फळीवरची ती चादर काढली. बाबांनी धुतलेली शेवटची. तिच्यावर पाणी शिंपडलं. पिवळं पडलं, पिवळंच राहिलं.

बाबांच्या तिसऱ्या पाण्याने साबण ठेवलाच नव्हता.

"आणि माझे पाव?" काकांनी विचारलं.

"काका, पहाटे पाचला बाबा इथला बंब पेटवायचे," मावशी म्हणाल्या. "तुमची-आमची भिंत एक. त्या उबेवर तुमचं पीठ फुगायचं. आता मी येते नऊला. जिच्या जिवावर पाव फुगत होते, तीच लाँड्री जाळायला निघालात."

काका आपल्या पायरीवरचं पिवळं पाणी पुसायला लागले. महाराज झग्यावर उपरणं ओढून कधी सटकले, ते कुणाला कळलं नाही. झारी मात्र इथेच राहिली.

पांगणाऱ्या लोकांना थोरलीने थांबवलं.

"जागा चांगली-वाईट नसते. तिथे ओल असते, ऊब असते, सोडा असतो. डोळे उघडे ठेवले तर सगळं दिसतं. आणि कुठल्याही जागेला 'जळो' म्हणण्याआधी आत कोण उभं आहे ते बघा. शब्दाने आग लागत नाही. पण आतल्या माणसाला ते ऐकू जातं."

तिने चादर छातीशी धरली. आवाज चढवला नाही.

"बाबा गेले त्या सकाळी मीच म्हणाले होते, आग लागो या लाँड्रीला. ते हृदयाने गेले, माझ्या बोलण्याने नाही. पण मी तसं म्हणाले, तेव्हा बाबा आत होते."