चादरीखाली चाळीस दिवस

ल्युबिंकाबाई गेल्याचे इस्पितळातून कळले, त्या सकाळी मी पूर्ण बाहेर ओढलेला होतो आणि माझ्यावरचा टीव्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून चालू होता. त्यांच्या नवऱ्याने, व्हेलिमिरकाकांनी फोन ठेवला. टीव्ही बंद केला, मला दुमडून भिंतीशी नेले आणि खुर्चीत बसून राहिले.

मित्रांनो, मी त्या मोठ्या टीव्हीला धरून ठेवणारा, भिंतीवरचा लोखंडी हात आहे. तीन सांध्यांचा. कारखान्यातून मी चार जाड स्क्रू आणि ते भिंतीच्या भोकात घट्ट धरणाऱ्या प्लास्टिकच्या चार गुल्ल्या घेऊन निघालो आणि चाचाक शहरातल्या या चौथ्या मजल्यावर आलो. त्याला नऊ वर्षे झाली. मला बसवले शेजारच्या ओब्रादकाकांनी. ते आयुष्यभर लेथवर काम केलेले, छापील सूचना वाचणे त्यांना कमीपणाचे वाटे. ड्रिल थोडे आत गेले आणि एकदम पोकळीत घुसले. मला तेव्हाच त्या भिंतीचा संशय आला. माझ्या गुल्ल्या काँक्रीटसाठीच्या होत्या आणि ही भिंत होती पोकळ विटांची. पण दोघांनी मला हलवून पाहिले, घट्ट आहे म्हणाले आणि राकिया दारूचे पेले भरले.

ल्युबिंकाबाईंसाठीच मला आणले होते. मिरच्या भाजताना, कणीक मळताना त्या मला ओढून टीव्ही आपल्याकडे वळवत. पाहुणे आले की माझे कौतुक होई. कोणी माझे स्क्रू मात्र कधी तपासले नाहीत.

आमच्याकडे घरात मयत झाले की चाळीस दिवस टीव्ही लावत नाहीत. काकांनी माझ्यावर चादर टाकली आणि तिचे टोक पिनेने अडकवले. बाईंची धाकटी बहीण देसांका गावाहून चाळीस दिवसांसाठी आली. ती बैठकीत, माझ्यासमोरच्या सोफ्यावर झोपे. एकदा तिने विचारले होते, आवाज बंद करून बातम्या बघितल्या तर चालेल का. ते काकांच्या मनात राहिले.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टीव्ही स्वयंपाकघराच्या बाजूला वळलेला दिसला. काकांनी मला मागे ढकलले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. काका रोज पीन बघत. पीन जागच्या जागी असे. त्यावरून त्यांनी ठरवले की ही बाई बघून झाल्यावर पीन पुन्हा लावून ठेवते. भिंतीतल्या गुल्ल्या वरच्या बाजूने सैल होऊन मी पुढे आणि एका अंगाला झुकत होतो, आणि टीव्ही आपोआप वळत होता. मला हे कळत होते. पण मला तोंड नाही.

अडतिसाव्या दिवशी देसांका चाळिसाव्याला शिजवून कबरीवर न्यायचा गहू निवडत होती. काका समोर उभे राहिले.

"देसांका, तुझी मालिका चाळीस दिवस थांबली नसती का?"

तिला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तिने ताट खाली ठेवले.

"दाजी, मी इथे रात्री रडते. भिंतीपलीकडे तुम्हाला ते मालिकेसारखं ऐकू आलं असेल."

"मग हा टीव्ही कोण फिरवतं? मी?"

"तुम्हाला दोष द्यायला माणूसच हवाय ना," ती म्हणाली आणि पिशवी भरून दुपारच्या बसने गेली. गहू ओब्रादकाकांच्या बायकोने शिजवला.

चाळिसाव्या दिवशी सगळे कबरस्तानातून घरी आले. ओब्रादकाकांनी चादर काढली आणि मला भिंतीशी नीट लावले. सगळ्यांच्या देखत मी हळूहळू बाहेर आलो आणि टीव्ही स्वयंपाकघराकडे वळला. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एक म्हातारी म्हणाली, ल्युबिंका बघायला आलीय.

"मेलेल्यांचं नाव कशाला घेता? बसवलाय मी, बघतोही मीच," ओब्रादकाका म्हणाले. त्यांनी घरून पाणसळ आणून माझ्या पट्टीला लावली. तिच्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. वरचा एक स्क्रू त्यांनी बोटांनीच बाहेर काढला.

काकांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. मग विचारले, "म्हणजे देसांकाने हात लावलाच नाही?"

"तिने नाही, मीही नाही. नऊ वर्षं या स्क्रूंना कुणीच हात लावला नाही. आता तिला फोन कर."

"पाहुणे जाऊ देत," काका म्हणाले.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी ओब्रादकाकांनी पोकळ विटेत धरणाऱ्या गुल्ल्या आणून मला पुन्हा बसवले. आता मी ठेवले तिथे राहतो. काका संध्याकाळी टीव्ही लावतात, कधी फोन उचलून मांडीवर ठेवतात आणि बातम्या संपल्या की जागेवर नेऊन ठेवतात.

मित्रांनो, जे रोज भार उचलते त्याचे स्क्रू वर्षातून एकदा तरी पिळून पाहा. आणि घरातली वस्तू जागा सोडू लागली, तर माणसाला विचारण्याआधी भिंतीला विचारा. मी हे काकांना सांगू शकलो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

चाळिसावा होऊन तीन आठवडे झाले. काकांनी देसांकाला अजून फोन केलेला नाही.