रडणारी खिडकी

दर उपोसथाला, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी, दुपारी आचान क्रियांग या गुरूंच्या आश्रमाबाहेर उभं राहायला जागा नसायची, कारण त्या दिवशी थंड पाण्याची देवी रडायची. रडायची ती खिडकीच्या काचेवर, तीही बाहेरच्या बाजूने. छप्पर गळत नसे, पाऊस नसे, तरी बंद काचेवर आधी धुकं धरायचं आणि मग टपोरे थेंब ओघळायला लागायचे. बायका ते कापसाने टिपून बाटल्यांत पिळायच्या. पुरुष थेंबांवर पावडर फुंकून त्यात सोडतीचे आकडे शोधायचे. लॉटरीवाली जिआप तर खिडकीखालीच पाट टाकून बसलेली. कुणाला सात दिसला की सातावरची तिकिटं हजर.

गुडघ्यांवर सरकत आतल्या दालनात गेलं, की बाहेरच्या उकाड्यातून आलेल्या माणसाच्या अंगावर शहारा यायचा. सोनेरी पडदे, उदबत्त्या, भोंग्यावर अखंड मंत्रपाठ आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांतले आचान, डोळे मिटलेले.

"हा गारवा विजेचा नाही, करुणेचा आहे," ते म्हणायचे. "देवीचं हृदय थंड, तुमची दुःखं गरम. गरम थंडाला भेटलं, की ती रडणारच."

हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत काच कोरडीच राहायची. तेव्हा देवी समाधीत असे.

मी पहाटे भिक्खूंच्या पात्रात भात घालते, रोज वंदना करते, उपोसथाला आठ शीलं पाळते. कुणाच्या श्रद्धेला हसणं मला जमत नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीचा, लामदुआनताईचा, पाय सडायला लागला होता. तिला साखरेचा आजार. अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि तिने दवाखान्याच्या गोळ्या कपाटात ठेवून देवीचे अश्रू प्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावरही थांबायचं नाही.

"ताई, गोळी घे," मी म्हटलं.

"देवी माझ्यासाठी रडतेय आणि मी गोळ्या गिळत बसू? तिला काय वाटेल?"

"तिला वाटेल ते वाटेल. अंगठा तुझा आहे."

"आठ शीलं पाळणाऱ्या बाईच्या तोंडी हे? बरं, ऐक. ज्या दिवशी ती रडायची थांबेल, त्या दिवशी घेईन तुझी गोळी. मिटलं?"

"वचन?"

"वचन. जा आता, डोकं नको खाऊ."

उपोसथाला मी दुपारनंतर जेवत नाही, काहीतरी पिते फक्त. घरी येऊन ओसरीवर बेलफळाचं सरबत घेऊन बसले, वर बर्फ घातलेला. मन ताईच्या पायात अडकलेलं. सहज हात लावला तर पेला बाहेरून ओला. तडा कुठेच नव्हता. आतलं सरबत तपकिरी, बाहेरचे थेंब मात्र नितळ, म्हणजे ते आतून झिरपलेले नव्हते. हवेतली ओल गार काचेवर येऊन बसत होती. माझा पेलासुद्धा रडत होता, आणि त्याला कुणाच्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं.

ताईचा जावई थनित काचेच्या खिडक्या बसवतो. त्याच्या घरी थंड हवेचं यंत्र दिवसभर चालतं, पण खिडकी बाहेरून कधी ओली पाहिली नव्हती. मी त्याला विचारलं.

"मावशी, माझी काच दुहेरी आहे," तो म्हणाला. "दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडलेली असते. आतला गारवा बाहेरच्या काचेपर्यंत फारसा पोचतच नाही. ती काच गार होत नाही, मग थेंब धरणार कशावर?"

खोटं न बोलणं हे माझं शील. त्यामुळे आश्रमात जाऊन मी खरं तेच बोलले. ताईला सोबत घेतलं, हात जोडले आणि म्हटलं, "आचान, देवीच्या खिडकीला आमच्या घरातर्फे दुहेरी काच अर्पण करायची आहे. आतला गारवा बाहेर जाणार नाही. जावई म्हणतो, छपराखाली जाड थरही घालून देतो, म्हणजे ऊन आत उतरणार नाही."

आचानांनी डोळे उघडले. करुणेला छपराखाली थर कशाला लागतो, हे त्यांनी विचारलं नाही. थोडा विचार करून म्हणाले, "बरं होईल. देवीवरचा भार हलका होईल."

ताईला गहिवरून आलं. येताना माझा हात धरून म्हणाली, "शेवटी तुलाही पटलं ना?" मी म्हटलं, "काच उत्तम आहे, ताई." तेही खरंच होतं.

पुढच्या उपोसथाला कापूस, बाटल्या, पावडर सगळं घेऊन गर्दी आली. काच कोरडी. नुकतीच पुसल्यासारखी लख्ख.

आचान आधी म्हणाले, गर्दीत कुणीतरी पापी आहे. सगळे शेजाऱ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, कुणाच्या तरी मनात शंका आहे. तेव्हा मी मान खाली घातली, कारण ते खरं होतं.

"आचान, आकडा तरी सांगा," जिआप म्हणाली. "माझी तिकिटं वाळायला लागली."

आचान वैतागले. "भोंगा बंद करा! देवीचा हुंदका ऐकू द्या."

भोंगा थांबला आणि सोनेरी पडद्यामागून घुर्रर्र असा आवाज आला. सगळे कान देऊन ऐकत राहिले.

"हा हुंदका," जिआप सावकाश म्हणाली, "माझ्या भाचीच्या ब्युटी पार्लरातही येतो." आणि तिने पडदा ओढला.

मागे थंड हवेचं यंत्र. तोंड थेट खिडकीच्या काचेकडे वळवलेलं.

तरीही एक म्हातारे पुटपुटले, "यंत्र असेल. पण अश्रू?"

मी थर्मासातलं बर्फाचं सरबत पेल्यात ओतून पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मंत्र नाही, उदबत्ती नाही. गर्दी वाकून बघत राहिली. आधी धुकं, मग थेंब, मग ओघळ. म्हातारे हळूच हसले. "गरम थंडाला भेटलं," ते म्हणाले. आचानांचं तेवढं एक वाक्य खरं होतं. मान्य करायला आचान स्वतः मात्र तिथे नव्हते. मागचं दार उघडं होतं.

मला एवढंच सांगायचं आहे. हात जोडावेत, मीही रोज जोडते. पण चमत्कार दिसला की जोडलेले हात एकदा सोडून तो पडदा बाजूला करावा. घर गार हवं तर पश्चिमेच्या भिंतीला सावली द्या, छपराखाली थर घाला, खिडकीला चांगली काच लावा. पाय बरा व्हायला हवा तर दवाखान्यात जा. बुद्धांनी आपल्याला पारखून घ्यायला सांगितलं आहे. पारखल्याने खरी श्रद्धा कमी होत नाही.

ताई माझ्याबरोबर घरी आली. ओसरीवर बसली आणि तळहात पुढे केला.

"दे. वचन दिलंय."

मी गोळी दिली आणि माठातल्या पाण्याचा पेला दिला, बर्फ घालून. तिने गोळी गिळली, तोंड वाकडं केलं. उद्या डॉक्टरीणबाईंकडे पाय दाखवायला येईन, असंही कबूल केलं. मग ओल्या पेल्याकडे बघत राहिली, डोळे बारीक करून.

"सायफिन," ती कुजबुजली, "हा सातच दिसतोय ना गं?"