दत्तोपंतांचा कोरडा फ्रिज

उदारीकरणाने भारतीय माणसाला दोन गोष्टी दिल्या : निवडीचं स्वातंत्र्य आणि ते उपभोगायला मोकळा वेळ. राजेंद्र नगरच्या दत्तोपंतांना मोकळा वेळ आधी मिळाला, कारण ते कामाला होते ती कापडाची मिल बंद पडली. निवडीचं स्वातंत्र्य मागाहून फ्रिजच्या दुकानात मिळालं. तिथे निळा आणि लाल असे दोन रंग होते. दत्तोपंतांनी विचारपूर्वक निळा निवडला. पावसाळा लागताच तो तपकिरी व्हायला लागला.

फ्रिज घरात नव्हता, गाडीत होता. कुठल्याशा शाळेने काढून टाकलेली मॅटॅडोर दत्तोपंतांनी घेतली होती. बाकं उपटून त्यांनी तिच्यात दोन माणसांपुरता दिवाण केला, शेगडीला कट्टा केला, बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर लावला. गाडी घरासमोर उभी असली की व्हरांड्यातून वायर टाकून तिला वीज देत. पोरं विचारायची, "आजोबा, ही चलती कब है?" दत्तोपंत म्हणायचे, "तयारी झाली की."

तयारी सगळी झाली होती. शोभनाताईंची तेवढी राहिली होती.

त्याला इतिहास होता. दत्तोपंत मिलच्या ह्युमिडिफिकेशन खात्यात सुपरवायझर होते. हवेत ओलावा राखणं हे त्यांचं काम. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, आणि माळव्यात उन्हाळाभर हवा कोरडीच असते. म्हणून उन्हाळ्यात त्या खात्याला रजा नसे. शोभनाताई दर वर्षी मुलांना घेऊन एकट्या माहेरी जात आणि एकट्या परत येत. आता मुलं आपापल्या गावी होती, मिलला कुलूप होतं, आणि ओंकारेश्वरला, महेश्वरला, पुढे रस्ता नेईल तिथे बायकोला घेऊन जायचं दत्तोपंतांनी ठरवलं होतं.

"माझ्या विरजणाचं काय?" शोभनाताई म्हणाल्या होत्या.

हे विरजण त्यांनी लग्नात आईकडून आणलं होतं. रोज त्याचंच दही लागे आणि त्यातलंच चमचाभर उद्यासाठी राही.

"बरोबर घेऊ की."

"उन्हात आंबेल."

"फ्रिज बसवतो."

"बसवा. पण गंजका नको. आणि वास आला तर मी घरीच बरी."

म्हणजे वास आला तर दत्तोपंत ओंकारेश्वरला एकटे. इतकी वर्षं बायको एकटी गेली, आता आपली पाळी, हा हिशोब न्यायाचा होता. तोच त्यांना टाळायचा होता.

पण वास आला. दाराच्या रबराला काळी बुरशी धरली, जाळ्यांवर गंजाचे ठिपके उमटले. दत्तोपंतांनी ते पॉलिश पेपरने घासले. वाटीत चुन्याचे खडे ठेवले. नव्या चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केल्या. ठिपके वाढतच गेले. शेवटी कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या बंटीला बोलावलं.

बंटीने फ्रिज पुढे ओढला. पाठीमागचा गाडीचा पत्रा घामेजला होता.

"काकाजी, ह्याला सांस तर घेऊ द्या. तुम्ही एकदम चिपकवून ठेवलाय भिंतीला."

त्याने फ्रिजखाली लाकडाच्या पट्ट्या टाकल्या, मागे हात जाईल एवढी जागा सोडली, गंज खरवडून रेड ऑक्साइड मारला. मग दार उघडून आत बघितलं.

"हे काय लटकवलंय काकाजी?"

"ओलावा मोजायचं यंत्र. खात्यातल्या लोकांनी निरोपाला दिलं. बाकी खात्यांना घड्याळं मिळाली."

एका फळीवर दोन थर्मामीटर होते. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलची चिंधी गुंडाळलेली, तिचं शेपूट खाली पाण्याच्या कुपीत. दत्तोपंत सकाळ-दुपार-संध्याकाळ फ्रिजचं दार उघडून, चष्मा पुसून रीडिंग घेत आणि कुपी भरलेली आहे ना, हे न चुकता बघत.

"हे फ्रिज नाही काकाजी, मिलचं नवीन खातं आहे," बंटी म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

चहा घेऊन आलेल्या शोभनाताईंनी हे ऐकलं. त्या वाकल्या, चिंधीला बोट लावलं.

"अहो, ही ओली आहे."

"ओलीच हवी. त्याशिवाय ओलावा कसा कळणार?"

"म्हणजे फ्रिजमध्ये ओलावा किती ते बघायला तुम्ही फ्रिजमध्ये पाणी भरताय. आणि दिवसातून तीनदा दार उघडून पावसाची हवा आत घेताय."

दत्तोपंतांनी चहाचा घोट घेतला. जन्मभर रीडिंग कमी आलं की पाणी वाढवायचं, एवढंच हाताला माहीत होतं.

"आकडा चांगला येत होता," ते म्हणाले.

"सुताला चांगला असेल."

यंत्र निघालं. शोभनाताईंनी ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं, रीडिंग घ्यायला तिथे यायची परवानगी दिली, आणि आलातच तर लसूण सोला म्हणाल्या. वीज बंद असताना फ्रिजचं दार मिटायचं नाही, असा नियम झाला. फटीत दत्तोपंतांनी मिलमधून आणलेली, सूत गुंडाळायची लाकडी बॉबिन अडकवली. ती मापाची बसली.

दसरा झाला तेव्हा फ्रिज आतून खडखडीत कोरडा होता. शोभनाताईंनी नाक आत घालून वास घेतला. कसलाच आला नाही. "चला," त्या म्हणाल्या, आणि दत्तोपंतांनी गाडीचं तेल-पाणी आधीच तपासलेलं असूनही पुन्हा तपासलं.

अन्नपूर्णेच्या देवळात नारळ फोडून गाडी निघाली. महूच्या पुढे रस्त्याकडेला एका झाडाखाली दत्तोपंतांनी ती थांबवली, इन्व्हर्टरचा आवाज ऐकला आणि मोठ्या डौलाने फ्रिज उघडला. आत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि काकडी होती.

"विरजण?"

"शेजारी अमिताकडे ठेवलंय. रोज लावेल ती."

"म्हणजे तू ते आणणारच नव्हतीस?"

"गाडीत आणून काय करू? दूध हिंदकळणार सगळं."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"दही लावणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत. रीडिंग घेत होतात." त्यांनी काकडी काढून विळीवर धरली. "आणि फ्रिज बसवेपर्यंत तुम्ही दिवसभर व्हरांड्यात बसून गेटाकडे बघत होतात. मीठ कुठे ठेवलंय?"

दत्तोपंतांनी मीठ दिलं. दोघांनी काकडी खाल्ली. ती गार होती. मग दत्तोपंत पाणी प्यायले, त्यांनी चाकाखालचा दगड काढला आणि घाटाच्या दिशेने गाडी लावली. शोभनाताई पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

हलत्या गाडीत दही लागत नाही.