जोतीराम सुभेदारांची शुद्ध

दुसरी सलाईन संपत आली तरी जोतीराम सुभेदारांचा रक्तदाब वर सरकेना. इस्लामपूरच्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं तातडीचा विभाग सांभाळणाऱ्या संयोगिता सिस्टरांनी दंडाला पुन्हा पट्टा आवळला. सत्तर, चाळीस.

"काल मलाच वळखलं न्हाई ह्यांनी," सुभेदारांची बायको धोंडुबाई म्हणाली. "म्हयनाभर डोस्कं दुखतंय. अन्नावर वासना न्हाई. कॅन्सरच डोक्यात गेला आसंल."

तरुण डॉक्टर इंद्रजितनाही तेच वाटत होतं. "नातेवाइकांना बोलवून घ्या," ते हळू आवाजात म्हणाले.

सिस्टरांची नजर मात्र म्हाताऱ्याच्या केसांवर होती. पांढरे, पण दाट. "मावशी, केमो चालू हाय न्हवं? मग केस कसं ऱ्हायलं?"

"केमो न्हवं ती. पुण्यात तीन आठवड्यांनी येक सलाईन लावत्यात. आपल्या अंगातलीच ताकद कॅन्सरशी लढती, म्हणं." धोंडुबाईनं पिशवीतून एक कार्ड काढलं. "कुठंबी दवाखान्यात गेला तर ह्ये दावा, म्हणालं व्हतं तिथलं डॉक्टर. घाबरून इसारलेच मी."

कार्डावरच्या नंबरवर डॉक्टरांनी फोन लावला. ऐकता ऐकता ते ताठ झाले.

"सिस्टर, त्या औषधानं कधी मेंदूखालची ग्रंथी सुजते. मग अंगाला उभं ठेवणारं संप्रेरकच तयार होत नाही. रक्त काढून ठेवा, पण रिपोर्टची वाट बघायची नाही. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे तेच संप्रेरक, शंभर मिलिग्रॅम. आत्ता."

दम्याच्या पेशंटना ती कुपी सिस्टरांनी हजारदा दिली होती. पावडरीत पाणी मिसळून त्यांनी औषध सावकाश शिरेत सोडलं.

दुपारी रक्तदाबाचा वरचा आकडा शंभरावर गेला. साडेचारला सुभेदारांनी डोळे उघडले.

"धोंडे, रडतीस कशापायी?"

सिस्टरांच्या अंगावर काटा आला. अंगठ्याएवढ्या कुपीतून अख्खा माणूस आला होता, नात्यागोत्यासकट. आता जन्मभर गोळ्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टर सांगत होते. कॅन्सर तर होताच.

सुभेदारांनी स्वतःकडे पाहिलं. सकाळच्या धावपळीत लेंग्याची नाडी सुटलेली होती. त्यांनी चादर कमरेपर्यंत ओढली.

"सिस्टर, जरा तिकडं तोंड करा."

सिस्टर भिंतीकडे वळल्या. मागे नाडीची गाठ दोनदा चुकली. धोंडुबाई पुढं झाली, तसं सुभेदारांनी तिचा हात बाजूला केला.

सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.