पोळ्याचं वंगन

आमच्या बाबाले समजावनं म्हंजे दगडावर डोकं आपटनं. मले धारणीच्या पुढच्या उपकेंद्रावर नर्सची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हाचं होतं, नाई तं जागा दुसरीले जाते. अनं आमचे बाबा किसनराव गाडीची किल्ली करदोट्याले बांधून ओसरीत बसले!

"गाडीचा आवाज बंद झाल्याबिगर किल्ली भेटत नाई," बाबा म्हने. "मेळघाटात कुईकुई करनारी गाडी घेऊन एकटी पोरगी? जमतच नाई."

बसनं जाऊन भागत नव्हतं. बस त्या गावापर्यंत जातच नाई, अनं रस्त्यात कोनी बाळंतीन अडली तं तिले नेशीन कशावर? मी लय बोलली. बाबा ढिम्म.

गाडी म्हंजे आमची जुनी एसयूव्ही. बैलजोडी विकली तवा बाबानं घेतली. खड्ड्यात गेली की खालून कुईऽऽ, अनं ब्रेकरवर खट्. मी परतवाड्याच्या दवाखान्यात तीच नेत होती. संध्याकाळी मी चौकात वळली की बाबाले घरात आवाज ऐकू ये, अनं ते चहाचं पानी ठेवत. अमरावतीच्या एका मेकॅनिकनं शॉकअॅब्सॉर्बर बदलून देल्ले. थोडे दिवस बरं वाटलं, मंग परत कुईऽऽ.

शनिवारी सकाळीच मी बाबाले म्हनलं, "चला फुरकानभाईकडे. आज काय तो सोक्षमोक्ष." गाडी बाबानंच चालवली. किल्ली काही सोडली नाई.

फुरकानभाईचं गॅरेज परतवाड्यातच. त्यानं अगुदर काहीच खोललं नाई. बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली, सोडली. कुईऽऽ. मंग झाकनाले भोक पाडलेली पान्याची बाटली घेतली अनं गाडीखाली सरकला.

"ताई, तुमी वरून दाबत राहा."

मी दाबून राह्यली, तो एकेका रबरावर पानी सोडून राह्यला. कुईऽऽ. कुईऽऽ. अनं एका ठिकानी पानी पडलं तं आवाज एकदम गप्प.

"भेटला चोर!" तो खालूनच वरडला. "पानी लागलं की सुकं रबर घडीभर चूप बसते. दुसऱ्या बाजूचंबी असंच असन."

लोखंड लोखंडावर आपटू नये म्हनून मधात रबराचं नळकांडं असते, त्याले बुश म्हनतात. फुरकानभाईनं ते काढून माह्या हातावर ठेवलं. फुगलेलं, फाटलेलं, गुळासारखं चिकट.

"हे तेलानं सडलं. इथं तेल कोन टाकते?"

मी बाबाकडे पाह्यलं. बाबा रस्त्यावरच्या निंबाकडे पाहून राह्यले.

आता तुमाले सांगाचं म्हंजे, बैल गेल्यापासून पोळ्याले बाबा गाडीच सजवतात. आंघोळ घालतात, बॉनेटवर बेगड लावतात, पुरनपोळीचा निवद दाखवतात. अनं मंग बैलबंडीच्या वंगनाचा जुना डबा घेऊन खाली सरकतात. सांधा दिसला की वंगन! बरं, पोळ्यापुरतं असतं तं ठीक होतं. जरा कुई झालं की डबा निघालाच. वंगनानं दोन दिवस कुई दबे, अनं रबर आतून सडे.

"बंडीचा आस वंगनाबिगर चालते का?" बाबाच उलटे तापले.

"काका, बंडीत लाकूड-लोखंड राह्यते. हे रबर हाये. रबराले तेल म्हंजे जहर."

मंग माहं डोकंच सरकलं. "वा रे वा! तुमीच आवाज करून राह्यले, अनं तुमीच म्हनता आवाज हाये म्हनून किल्ली नाई! माही नोकरी जात होती ना बाबा!"

बाबा खाली पाहत हळूच म्हनले, "पोरी, मले वाटे, वरडते म्हंजे दुखते तिले कुठं तरी. तू बसतं तिच्यात."

असा बाप असला की धड भांडताबी येत नाई.

दोन्ही बाजूचे नवे बुश बसले. पन फुरकानभाईनं बोल्ट पुरते कसले नाई. गाडी जॅकवरून उतरवली, खाली उतरून काम कराच्या खड्ड्यावर उभी केली अनं म्हनला, "बसा दोघंबी आत. गाडी लटकून असताना कसलं तं रबर पिळल्या जाते, लवकर फाटते. वजन पायजे."

मी स्टेअरिंगवर, बाबा बाजूले. खाली पाना फिरून राह्यला अनं बाबा खिडकीतून मुंडकं काढून, "झाला का रे कडक? आनखी एक डाव पाह्य."

मंग करदोट्याची किल्ली सुटली, तेबी फक्त चक्कर मारासाठी. धारणीच्या रस्त्यानं घाट लागेपर्यंत गेलो. खड्डा आला. चूप. ब्रेकर आला. चूप.

"परत घे त्याच्यावरून," बाबा म्हनले. मी परत घेतली. बाबाचा कान खाली लागलेला. काहीच नाई.

गॅरेजवर येऊन मी गाडी बंद केली, किल्ली बाबापुढं धरली. म्हनलं, घ्या, अनं जाऊ का नाई ते सांगा एकदाचं.

बाबानं हात पुढं केलाच नाई.

"ठेव तुह्याजवळ. पन पोचली की फोन करजो. आता आवाजावरून समजनार नाई मले."

"रोज करीन, बाबा."

बाबा उतरले. डिक्कीतून वंगनाचा डबा काढला अनं फुरकानभाईच्या बाकड्यावर नेऊन ठेवला. परत येऊन खिडकीपाशी उभे राह्यले, बॉनेटवर दोनदा थोपटलं.

"पोळ्याले हिले घेऊन घरी येजो," बाबा म्हनले. "नुसती धुईन."